युद्धगुन्ह्यांचा तपास पोलीस ठाण्यापासून बळकट करा : एक खुले पत्र

प्रति,
युद्धग्रस्त देशांचे गृहमंत्री व पोलीस प्रमुख, तसेच त्यांच्या तपास यंत्रणांना निधी आणि प्रशिक्षण पुरवणारी सरकारे व आंतरराष्ट्रीय संस्था

महोदय, महोदया,

युद्धात नागरिकांवर झालेल्या अत्याचारांना न्याय मिळण्याविषयीची चर्चा बहुधा हेगमधील न्यायालयापासून सुरू होते आणि अटकेच्या वॉरंटपाशी थांबते. हे पत्र त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्याविषयी आहे. सैन्य एखादे गाव सोडून गेल्यावर तिथे जो पोलीस अधिकारी पहिल्यांदा पोहोचतो, त्याला काय दिसते, त्यातले तो काय टिपून ठेवतो, काय ताब्यात घेतो आणि कशाला हात लावत नाही, यावर पुढचा खटला उभा राहणार की नाही हे पुष्कळदा तिथल्या तिथेच ठरून जाते. तरीही निधी, तज्ज्ञ आणि राजकीय लक्ष या तिन्हींचा ओघ राजधानीतच मुरतो आणि या अधिकाऱ्यापर्यंत फार थोडा पोहोचतो. तो त्याच्या दिशेने वळवावा, एवढ्याच विनंतीसाठी आपणांस लिहीत आहे.

युद्धगुन्ह्यांचा तपास हे आंतरराष्ट्रीय यंत्रणांचे काम आहे, स्थानिक पोलिसांनी फार तर मृतदेह उचलावेत, असा एक समज रूढ आहे. कायदा तसे सांगत नाही. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 146 नुसार गंभीर उल्लंघनांचा आरोप असलेल्या व्यक्तींचा शोध घेणे आणि त्या कोणत्याही देशाच्या नागरिक असल्या तरी त्यांना आपल्या न्यायालयांपुढे उभे करणे हे प्रत्येक सदस्य देशाचे कर्तव्य आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची स्थापना करणारा करार म्हणजे रोम संविधी; 1998 मध्ये संमत होऊन 2002 पासून लागू झालेल्या या संविधीनेही हाच क्रम कायम ठेवला असून, संबंधित देश प्रामाणिकपणे तपास करण्यास तयार नसेल किंवा समर्थ नसेल तेव्हाच हेगमधील हे न्यायालय पुढे येते. आकड्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने 1993 ते 2017 या आपल्या संपूर्ण कारकिर्दीत 161 व्यक्तींवर आरोप ठेवले. युक्रेनच्या महाअभियोक्ता कार्यालयाने फेब्रुवारी 2022 नंतरच्या दोन वर्षांच्या आतच एक लाखाहून अधिक युद्धगुन्ह्यांची नोंद केली. पहिला आकडा आरोपींचा आणि दुसरा नोंदवलेल्या घटनांचा, त्यामुळे त्यांची सरळ तुलना होत नाही हे मान्य; पण एवढ्या घटनांचे जबाब, पंचनामे आणि शवविच्छेदन अहवाल हेगमधील कोणतेही कार्यालय तयार करू शकणार नाही, हे समजायला तुलनेची गरजही नाही.

युक्रेनमधील बुचा शहराचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मार्च 2022 च्या अखेरीस रशियन सैन्य मागे हटल्यावर तिथे चारशेहून अधिक मृतदेह सापडले. काही रस्त्यांवर होते, काही तळघरांत, काही चर्चच्या आवारातल्या सामूहिक खड्ड्यात, तर काही शेजाऱ्यांनी गोळीबाराच्या भीतीत घाईघाईने अंगणात पुरलेले. अशा ठिकाणी शांतताकाळातील घटनास्थळाचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. आधी सुरुंग आणि लपवलेली स्फोटके शोधणारे पथक जावे लागते, त्याशिवाय मृतदेहाला हात लावणे म्हणजे आणखी एक बळी देणे होय. त्यानंतरच छायाचित्रे, मोजमापे, हातांवरच्या बांधणीच्या खुणा, जवळ पडलेल्या पुंगळ्या. ज्या शेजाऱ्याने मृताला पुरले तो इथे महत्त्वाचा साक्षीदार ठरतो, कारण मृतदेह मुळात कुठे, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या कपड्यांत होता हे त्यालाच माहीत असते. फ्रान्सच्या जांदार्मरीचे (लष्करी धाटणीच्या पोलीस दलाचे) न्यायवैद्यक पथक त्याच एप्रिलमध्ये मदतीला आले हे चांगलेच झाले. परंतु पहिले काही दिवस स्थानिक पोलीसच तिथे होते, आणि पुढल्या कोणत्याही युद्धात तेच असणार आहेत.

पहिल्या नोंदीचे मोल काय असते हे बोस्नियातील स्रेब्रेनित्साच्या तपासातून दिसून आले. जुलै 1995 मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलगे मारले गेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गुन्हेगारांनी यंत्रे लावून सामूहिक कबरी उकरल्या व मृतदेह दूरवरच्या नव्या खड्ड्यांत हलवले. एकाच माणसाचे अवशेष वेगवेगळ्या ठिकाणी सापडावेत, इतकी ती मोडतोड होती. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाच्या वतीने हा तपास करणाऱ्या चमूचे नेतृत्व झाँ-रने र्‍युएझ या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याकडे होते. मूळ कबर आणि नंतरची कबर यांचा संबंध त्यांनी आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी माती, पुंगळ्या, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्या आणि हात बांधण्याच्या दोऱ्या यांच्या आधारे जोडला. कोझलुक येथील मूळ कबर बाटल्या भरण्याच्या एका कारखान्याजवळ होती. तिथल्या फुटक्या काचा आणि लेबले कित्येक किलोमीटरवरच्या दुसऱ्या खड्ड्यात अवशेषांबरोबर निघाली, आणि मृतदेह हलवले गेल्याचा तो पुरावा ठरला. काचेचा तुकडा कचरा म्हणून फेकून न देता त्याची नोंद करून तो सीलबंद करणे ही कोणत्याही महागड्या प्रयोगशाळेची कामगिरी नसून, ती साध्या पोलिसी शिस्तीची कामगिरी आहे. ही शिस्त शिकवता येते.

मात्र या शिस्तीला युद्धाच्या कायद्याचे ज्ञान जोडावे लागते, आणि इथे बहुतेक पोलीस दले उघडी पडतात. खुनाचा तपास वर्षानुवर्षे करणारा अधिकारी कोणी मारले, कशाने मारले आणि का मारले हे विचारतो. युद्धगुन्ह्यात तेवढे पुरत नाही. मृत व्यक्ती लढाईत सहभागी होती की नव्हती, घटनेचा सशस्त्र संघर्षाशी संबंध काय, त्या वेळी त्या भागावर कोणत्या तुकडीचे नियंत्रण होते, त्या तुकडीला आदेश कोण देत होते, आणि गुन्हा होत असल्याचे कळूनही वरिष्ठाने तो रोखला का नाही, हे सारे सिद्ध करावे लागते. रोम संविधीच्या कलम 28 मधील वरिष्ठांची जबाबदारी ही शेवटी कागदांवर उभी राहते : पळून गेलेल्या तुकडीने मागे टाकलेली हजेरीपत्रके, रेडिओ संदेशांच्या वह्या, भिंतीवर लिहिलेले दूरध्वनी क्रमांक, रुग्णालयाच्या नोंदी, इंधनाच्या पावत्या. घर साफ करायला परतलेल्या कुटुंबाने हे सारे जाळून टाकण्याआधी पोलीस तिथे पोहोचला पाहिजे आणि हे कागद का महत्त्वाचे आहेत हे त्याला कळले पाहिजे. सीरियातील कैद्यांच्या मृतदेहांची हजारो छायाचित्रे लष्करी पोलिसांच्याच एका छायाचित्रकाराने काढलेली होती आणि 2013 मध्ये ती देशाबाहेर आली. पुढे जर्मनीच्या संघीय गुन्हे पोलिसांनी जमवलेल्या पुराव्यांच्या आधारे कोब्लेंझच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सीरियाचा माजी गुप्तचर अधिकारी अन्वर रस्लान याला जन्मठेप दिली, त्या खटल्यातही ही छायाचित्रे तपासली गेली. जुलमी यंत्रणाही दफ्तर ठेवतात; ते दफ्तर ओळखणारा तपासी अधिकारी हवा.

जबाब घेण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे होणारे नुकसान नंतर भरून निघत नाही. रवांडातील 1994 च्या वंशसंहारासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे तेथील एक माजी महापौर अकायेसु याच्यावर चाललेल्या खटल्यात मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. 1997 मध्ये साक्ष देणाऱ्या स्त्रियांनी न्यायालयातच त्याविषयी सांगितले, नवनीतम पिल्ले यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने पुढे प्रश्न विचारले, त्यानंतर जून 1997 मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली आणि 2 सप्टेंबर 1998 च्या निकालाने बलात्कार हा वंशसंहाराचाही भाग असू शकतो असे प्रथमच ठरवले. इतका मोठा निर्णय एका साक्षीतल्या ओघाने आलेल्या उल्लेखावर अवलंबून राहावा, याचा अर्थ आधीच्या जबाबांत हा विषय पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नव्हता. आजही कित्येक ठिकाणी पीडित स्त्रीने, आणि पुरुषानेही, स्वतःहून सांगितले तरच नोंद होते. लैंगिक अत्याचारांच्या तपासासाठी प्रशिक्षित अधिकारी, त्यांत स्त्रिया, आणि जबाबाला स्वतंत्र खोली ही प्रत्येक जिल्ह्याची किमान गरज आहे. लैंगिक अत्याचारांची माहिती गोळा करणाऱ्यांसाठीच्या 2022 च्या मुराद संहितेने पीडित व्यक्तीचे हित आणि तिची संमती यांना अग्रस्थान दिले आहे. ती संहिता पोलिसांच्या भाषेत, पोलिसांच्या प्रशिक्षणात यायला हवी.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे एकाच साक्षीदाराचे पुनःपुन्हा घेतलेले जबाब. पत्रकार, स्वयंसेवी संस्था, परदेशी पथक, स्थानिक पोलीस आणि मग अभियोक्ता असे पाच जण एकाच मुलाकडून तीच हकिकत पाच वेळा वदवून घेतात, मुलाची जखम पाच वेळा उघडी होते, आणि पाच जबाबांतील बारीकसारीक फरक बचावपक्षाच्या उलटतपासणीत हत्यार बनतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच निकालात, काँगोतील सशस्त्र गटाचा प्रमुख लुबांगा याच्याविरुद्धच्या 14 मार्च 2012 च्या निकालात, न्यायाधीशांनी तपासाचे काम मध्यस्थांवर सोपवल्याबद्दल अभियोक्त्यांवर ताशेरे ओढले आणि माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या अनेकांच्या साक्षी अविश्वसनीय ठरवल्या. भाषा जाणणारा, परिसर ओळखणारा आणि कायद्याने जबाबदार असलेला स्थानिक पोलीस अधिकारी प्रशिक्षित असता, तर अशा मध्यस्थांची गरज किती कमी भासली असती, याचा विचार व्हावा.

युद्धकैदी म्हणून हाती लागलेल्या संशयिताची चौकशी हीदेखील पोलिसांचीच कसोटी असते. ज्याच्या गावावर बॉम्ब पडले त्या अधिकाऱ्यासमोर शत्रूचा सैनिक बसलेला असताना संयम ठेवणे सोपे नाही. पण तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम 17 कैद्याकडून माहिती काढण्यासाठी शारीरिक वा मानसिक छळ करण्यास मनाई करते, आणि कलम 13 त्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय बनवण्यापासून संरक्षण देते. कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलेला कबुलीजबाब समाजमाध्यमांवर गाजतो आणि न्यायालयात कोसळतो. 2021 च्या मेंडेझ तत्त्वांनी सांगितलेली सक्तीविरहित मुलाखतीची पद्धत ही आरोपीवर दया दाखवण्यासाठी नाही. ती अधिक विश्वसनीय माहिती देते म्हणून ती स्वीकारावी.

डिजिटल पुराव्याविषयी फार लिहीत नाही, कारण देणगीदारांना तोच विषय सर्वाधिक आवडतो आणि त्यावर उपकरणेही भरपूर येतात. लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध ऑगस्ट 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून निघालेले वॉरंट मुख्यतः समाजमाध्यमांवर पसरलेल्या चित्रफितींवर आधारलेले होते, त्यामुळे अशा साहित्याचे मोल निर्विवाद आहे. इंटरनेटवरील खुल्या साहित्याच्या तपासाविषयीची मार्गदर्शिका असलेला 2020 चा बर्कले प्रोटोकॉल त्यासाठी चांगली चौकट देतो. मात्र गावातल्या माणसाच्या मोबाइलमधली मूळ फाइल कशी घ्यावी, तिचा हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा अंकीय ठसा) लगेच कसा नोंदवावा आणि मोबाइल त्याला परत कधी द्यावा, एवढे जरी प्रत्येक ठाण्यातल्या दोन अधिकाऱ्यांना पक्के आले, तरी महागड्या सॉफ्टवेअरच्या अर्ध्या परवान्यांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. पोलीस यंत्रणा जिथे स्वतःच्याच बाजूच्या गुन्ह्यांचा तपास करू शकत नाही, तिथे तिची क्षमता वाढवणे म्हणजे निवडक न्यायाची क्षमता वाढवणे ठरते. एप्रिल 1999 मध्ये सर्बियातील तेकिया गावाजवळ डॅन्यूब नदीत एक शीतपेटीचा ट्रक तरंगताना दिसला आणि त्यात कोसोव्होतील अल्बेनियन नागरिकांचे मृतदेह निघाले. स्थानिक पोलिसांनी काम सुरू केले होते. पण तपास झाला नाही. वरून आलेल्या आदेशानुसार मृतदेह बेलग्रेडजवळच्या बातायनित्सा येथे, पोलिसांच्याच विशेष तुकडीच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन पुरले गेले. 2001 मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले आणि एकूण सातशेहून अधिक लोकांचे अवशेष बाहेर आले. सर्बियाच्या त्या वेळच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचे, म्हणजे पोलीस दलाचे, प्रमुख व्लास्तिमिर जॉर्जेविच यांना माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने 2011 मध्ये 27 वर्षांची शिक्षा दिली, जी 2014 मध्ये अपिलात 18 वर्षे झाली. ट्रक बाहेर काढताना हजर असलेल्या एका स्थानिक पोलीस तंत्रज्ञाने पुढे हेगमध्ये साक्ष दिली, ही बाब मला विशेष बोलकी वाटते : कौशल्य त्या ठाण्यात होते, पण ते कौशल्य वापरण्याचे स्वातंत्र्य त्या ठाण्याला नव्हते.

कोलंबियात सैनिकांनी गरीब तरुणांना मारून त्यांना लढाईत ठार झालेले बंडखोर म्हणून दाखवले. तेथील शांततेसाठीच्या विशेष न्यायालयाने 2021 मध्ये 2002 ते 2008 या काळातील अशा बळींची संख्या किमान 6,402 सांगितली. 2009 मध्ये पाहणी करणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी मृतांच्या अंगावरचे इस्त्रीचे गणवेश, पायांपेक्षा चार मापांनी मोठे बूट आणि डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हातातले पिस्तूल यांकडे लक्ष वेधले होते. या विसंगती ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. त्या तुकडीच्या आज्ञेत नसलेला कोणीही तपासी अधिकारी पुरतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही 1998 च्या काया विरुद्ध तुर्की या निकालात हेच सांगितले. त्या प्रकरणात मृताच्या हातांवर बंदुकीच्या दारूचे अंश आहेत का याची साधी तपासणीही झाली नव्हती, आणि सशस्त्र चकमकी वारंवार होतात म्हणून प्रभावी व स्वतंत्र तपासाचे बंधन संपत नाही, असे न्यायालयाने बजावले.

युक्रेन 1 जानेवारी 2025 पासून रोम संविधीचा सदस्य झाला, मात्र आपल्या नागरिकांवरील युद्धगुन्ह्यांच्या आरोपांबाबत सात वर्षे न्यायालयाचा अधिकार न मानण्याचे कलम 124 खालील निवेदन त्याने सोबत जोडले. असे निवेदन करण्याची मुभा संविधीत आहे. पण ज्या देशाने बाहेरचे दार काही काळ बंद ठेवले, त्याच्या स्वतःच्या तपास यंत्रणेवर अपेक्षांचा भार तितकाच वाढतो. आक्रमण कोणी केले याविषयी शंका नसतानाही हे म्हणता येते आणि म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्याचा आणखी एक पैलू क्वचितच चर्चेत येतो. अनेक युद्धांत पोलीसच शस्त्र घेऊन आघाडीवर जातात. 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम 43 नुसार सशस्त्र पोलीस दल सैन्यात सामील करायचे असेल तर प्रतिपक्षाला तसे कळवावे लागते. जो अधिकारी या महिन्यात खंदकात होता, त्यानेच पुढल्या महिन्यात त्या परिसरातील कैद्याच्या मृत्यूचा तपास करावा, ही व्यवस्था बदलली पाहिजे. तपास शाखेतील माणसे लढाऊ कर्तव्यातून कायद्याने वगळावीत आणि सुरक्षा दलांवरील तक्रारींसाठी वेगळी, थेट अभियोक्त्याला उत्तरदायी असलेली शाखा असावी.

निधी देणाऱ्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे. राजधानीतील हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्रे आणि सामूहिक छायाचित्र यांनी अहवालाचे रकाने भरतात. त्याऐवजी अनुभवी तपासी अधिकारी आणि न्यायवैद्यक डॉक्टर जिल्ह्यात काही महिने राहावेत, चालू प्रकरणांच्या फायली स्थानिक सहकाऱ्यांबरोबर उघडाव्यात आणि चुका तिथेच दुरुस्त कराव्यात. शवागारासाठी जनित्र, मुद्देमालासाठी कुलूपबंद व कोरडी खोली, डीएनए नमुन्यांची वाहतूक, नोंदणीची एकच समान पद्धत, आणि रोज मृतदेह पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मानसोपचार, या गोष्टी उद्घाटनाच्या फलकावर शोभत नाहीत, पण त्यांवाचून तपास थांबतो. बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बोस्नियात नातेवाइकांच्या रक्तनमुन्यांवरून हजारो अवशेषांची ओळख पटवली. हे काम वर्षानुवर्षांच्या सातत्याने झाले, प्रकल्पाच्या दीड वर्षाच्या मुदतीत ते होणारे नव्हते.

गृहमंत्री आणि पोलीस प्रमुखांकडे मागणी अशी की, सर्व प्रकरणे एकाच वेळी सारख्या ताकदीने हाताळता येणार नाहीत हे मान्य करून प्राधान्याचे निकष लेखी स्वरूपात जाहीर करावेत. कोठडीतील छळ, लैंगिक अत्याचार, मुलांविरुद्धचे गुन्हे, बेपत्ता व्यक्ती आणि वरिष्ठांपर्यंत पोहोचणारी प्रकरणे आधी घ्यावीत असे माझे मत आहे. आपले मत वेगळे असू शकते, पण ज्या कुटुंबाची फाइल मागे राहणार आहे त्याला ती का मागे राहिली हे कळण्याचा अधिकार आहे. फाइल बंद करतानाही त्याला लेखी कारण मिळावे.

यांपैकी एकच गोष्ट या वर्षी शक्य असेल, तर बदल्यांपासून सुरुवात करावी. युद्धगुन्ह्याचे प्रकरण हाताळणाऱ्या तपासी अधिकाऱ्याची बदली किंवा आघाडीवर रवानगी अभियोक्त्याच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये, आणि झालीच तर मुद्देमाल, साक्षीदारांची यादी व अपूर्ण कामांची टिपणे नव्या अधिकाऱ्याकडे समक्ष सोपवल्याची नोंद फाइलमध्ये असावी. असा आदेश काढायला नवा निधी लागत नाही आणि आपल्या सहीव्यतिरिक्त कोणाची वाट पाहावी लागत नाही.

आपला नम्र,
आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा एक अभ्यासक